खोली पाहावी पारखून
मुलामुलींच्या राहण्याच्या जागेविषयीचे काही गैरसमज

बारावीचे निकाल लागले की आमच्या मोर्शीच्या बाजारात कापडाच्या गिऱ्हाइकीबरोबर एक विचारणा हटकून सुरू होते. कोणी टेलरमास्तर, कोणी संत्र्याचा अडत्या, कोणी वेल्डिंगचे दुकान चालविणारा येतो आणि म्हणतो, "पोराचा नंबर अमरावतीला लागला. आता त्याला ठेवायचे कोठे?" मुलीबाबत हाच प्रश्न जरा हळू आवाजात विचारला जातो. बहुतेक वेळा त्याचे उत्तर घरात आधीच ठरलेले असते : "भरवशाची जागा नाही, तेव्हा पुढची तालीम राहू द्या."

आपण व्यापारी व कारागीर माणसे. मालाची पारख हा आपला धंदा. तागा घेताना आपण वरची घडी पाहून समाधान मानत नाही. आतली घडी उलगडतो, उजेडात धरतो, पन्हा मोजतो, रंग जातो का, धुतल्यावर किती आटेल हे विचारतो. पण ज्या खोलीत आपले लेकरू वर्षभर राहणार तिचा सौदा मात्र ऐकीव गोष्टींवर, पुष्कळदा फोनवरच उरकतो. या ऐकीव गोष्टींपैकी काही साफ चुकीच्या आहेत, काही अर्ध्या खऱ्या आहेत. त्या एकेक करून तपासाव्यात म्हणून हा लेख.

फी माफ झाली, भाडे राहिले

आधी हा विषय व्यापाराच्या पानावर का, ते सांगतो. राज्य शासनाने ८ जुलै २०२४ रोजी निर्णय काढून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ केले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असावे, ही अट आहे. आपल्यातील अनेक कारागीर बिरादऱ्या इतर मागास यादीत आहेत. बाकीच्यांना आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढता येतो. म्हणजे अशा घरातील मुलीच्या खर्चाच्या वहीतून फीचा मोठा आकडा गेला. उरले काय? खोली आणि जेवण. आज पुष्कळ घरांत मुलगी शिकेल की नाही हे फीवरून ठरत नाही. ते राहण्याच्या जागेवरून ठरते. तेव्हा ही जागा निवडणे हा एक सौदाच आहे, आणि तो नीट केला पाहिजे.

"रोज जाणे-येणे स्वस्त पडते"

मोर्शी ते अमरावती अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. एस. टी.चा विद्यार्थी पास सवलतीचा असतो, त्यात दोन-तृतीयांश भाडे माफ होते. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. त्यामुळे वहीत जाणे-येणे स्वस्त दिसते, यात खोटे नाही.

पण वेळेचाही हिशेब मांडावा. गाडीत एका बाजूला सुमारे दीड तास, शिवाय स्टँडपासून कॉलेजपर्यंतचा वेळ. दिवसाचे साडेतीन तास धरले तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत ८७ तास गाडीत आणि स्टँडवर जातात. जो मुलगा कला किंवा वाणिज्य शाखेत आहे आणि दुपारी मोकळा होतो, त्याला हे परवडेल. ज्याचे प्रात्यक्षिक संध्याकाळी पाचला संपते, त्याला परवडणार नाही. त्याची अभ्यासाची वेळ गाडीतच संपते. शाखा आणि वेळापत्रक पाहून हा निर्णय घ्यावा, केवळ पासची किंमत पाहून घेऊ नये.

"अमरावतीत कोठेही चालेल" आणि "कॉलेजला लागूनच पाहिजे"

या दोन समजुती एकमेकींच्या उलट आहेत, पण दोन्ही चुकीच्या आहेत. अमरावती आता लहान गाव नाही. १९८३ साली स्थापन झालेले संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ मार्डी रोडला तपोवनाकडे आहे. १९६४ चे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय कठोरा नाक्याकडे आहे. बडनेऱ्याची महाविद्यालये शहरापासून आठ-दहा किलोमीटर दूर आहेत. नंबर बडनेऱ्याला लागला आणि आपल्या लोकांची वस्ती म्हणून खोली घेतली वलगाव रोडला, तर मुलाला रोज सारे शहर ओलांडावे लागते. मग मोर्शीहून जाणे-येणे काय वाईट होते?

दुसरीकडे, कॉलेजच्या दाराशी असलेली खोली चांगलीच असते असेही नाही. कॉलेज दिवसाचे सहा तास. बाकीचे अठरा तास मेस, अभ्यासिका, दवाखाना, मशीद, एस. टी.चा थांबा यांच्याशी काम पडते. शहराबाहेरच्या कॉलेजजवळ रात्री आठनंतर रस्ता सुनसान असतो. मुलीची खोली पाहायला दुपारी जाऊ नये, दिवेलागणीनंतर जावे. दिवे कोठपर्यंत आहेत, ऑटो मिळतो का, दुकाने किती वाजता बंद होतात हे डोळ्यांनी पाहावे.

"कमी भाडे म्हणजे स्वस्त"

आपण सुरतहून माल आणतो तेव्हा खरेदीच्या भावावर नफा काढत नाही. त्यावर वाहतूक, हमाली, विमा, घट चढवितो आणि मग पडता काढतो. खोलीचाही पडता काढावा.

समजा, एका खोलीचे भाडे महिना २,५०० रुपये आणि दुसरीचे ३,५०० रुपये. पहिल्या खोलीपासून कॉलेजला ऑटो लागतो, रोजचे ४० रुपये, म्हणजे पंचवीस दिवसांचे १,००० रुपये. पिण्याच्या पाण्याच्या कॅनचे ३०० रुपये. विजेचे मीटर वेगळे, त्याचे ४०० रुपये. पडता झाला ४,२०० रुपये. दुसऱ्या खोलीच्या भाड्यात वीज-पाणी आले आणि कॉलेज पायी आहे, तर पडता ३,५०० रुपयेच राहिला. "स्वस्त" खोली महिन्याला ७०० आणि दहा महिन्यांत ७,००० रुपयांनी महाग पडली.

हिशेबात आणखी दोन गोष्टी धराव्यात. कॉलेज नऊ-दहा महिने चालते, पण मालक भाडे अकरा महिन्यांचे घेतो का? आणि विजेचे युनिट कोणत्या दराने लावतो, महावितरणच्या बिलाप्रमाणे की स्वतःच्या मनाप्रमाणे?

"जुलैत पाहिली, झकास आहे"

जुलैत सगळ्याच खोल्या झकास असतात. पाऊस असतो, हवा गार असते, नळाला पाणी असते. पण वऱ्हाडातली परीक्षा एप्रिल-मेमध्ये येते, पारा ४४-४५ अंशांवर असताना. वरच्या मजल्यावर टीनाचे छत असेल तर त्या दिवसांत तेथे पुस्तक उघडवत नाही. म्हणून छत कशाचे आहे, खिडक्या समोरासमोर आहेत का, कूलर लावू देतात का आणि त्याचे वेगळे पैसे घेतात का, हे जुलैतच विचारावे.

पाण्याचेही तसेच. अमरावतीला पाणी जाते ते आमच्याच भागातल्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून. पण धरणात पाणी आहे म्हणून प्रत्येक खोलीच्या नळाला रोज येईलच असे धरून चालू नये. अकोल्यात उन्हाळ्यात नळ काही दिवसांआड येतो हे सर्वांना ठाऊक आहे. टाकी किती लिटरची आणि ती किती मुलांत वाटली जाते, एवढे विचारले की उत्तर मिळते.

"नातेवाइकाचे घर असताना खोली कशाला?"

चाचाचे किंवा फुफीचे घर अमरावतीत असेल तर मुलाला तेथेच ठेवावे, खोली घेतली तर नाते दुखावेल, असे आपल्याकडे मानतात. काही घरांत हे छान निभते. ज्या घरात मुलाला स्वतःची टेबल-खुर्ची आहे आणि अभ्यासाच्या वेळी कोणी हाक मारीत नाही, तेथे अवश्य ठेवावे.

पण दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे असतील तर सातव्याने अभ्यास कोठे करावा? मुलगा असेल तर बाजारहाट त्याच्याकडे येतो, मुलगी असेल तर स्वयंपाकघर आणि लहान मुले तिच्याकडे येतात. ती तक्रारही करू शकत नाही, कारण खाल्लेल्या मिठाची शरम असते. वर्षाअखेरीस गुण घसरतात आणि नातेही कडू होते. ठेवायचेच असेल तर खर्चाचा वाटा पहिल्याच महिन्यापासून ठरवून द्यावा आणि अभ्यासाची वेळ मोठ्यांनी आपसात बोलून घ्यावी. मुलावर ते बोलणे सोपवू नये.

"ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला?"

आपल्या लोकांत सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने होते. मालक आपल्यातला, नमाजी, ओळखीचा, म्हणून अनामत रक्कम हातावर दिली जाते. वर्षाच्या शेवटी रंगाचे, नळाचे, पंख्याचे पैसे कापले जातात आणि बोलायला जागा उरत नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये किती तपशिलाने आलेली आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. लिहिल्याने दोघांचीही अब्रू राहते.

कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार खोली भाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सवर देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर शर्तींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, मालकाला ते खोटे ठरवावे लागते. खर्चही फार नाही. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. महिना ४,००० प्रमाणे अकरा महिन्यांचे ४४,००० रुपये झाले तर शुल्क सुमारे ११० रुपये, आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये. तीन मुलांनी मिळून एक खोली घेतली तर हा खर्च वाटून जातो.

वसतिगृहात फक्त एक खाट घेतली तर असा करार सहसा होत नाही. तेथे निदान सहीची पावती घ्यावी. त्यावर अनामत किती, ती कधी परत, कोणत्या कारणाने कापणार आणि मध्येच सोडल्यास काय, हे लिहून घ्यावे. अनामत किती असावी याचे माप हवे असेल तर केंद्राने २०२१ साली राज्यांपुढे ठेवलेला आदर्श भाडे कायदा पाहावा. त्यात राहण्याच्या जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घातली आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही, पण बोलणी करताना उपयोगी पडतो. अकरावी-बारावीचे मूल अठरा वर्षांखालील असते. त्याच्या सहीला कायद्यात किंमत नाही, म्हणून करार बापाच्या किंवा आईच्या नावाने करावा.

"सरकारी वसतिगृह आपल्यासाठी नाही" आणि "सरकारी मिळाले, आता चिंता नाही"

पुन्हा दोन उलट समजुती. पहिलीमुळे लोक अर्जच करीत नाहीत. शासनाच्या किंवा शासकीय मदतीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मावरून प्रवेश नाकारता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम २९(२) मध्ये स्पष्ट लिहिले आहे. कॉलेजच्या वसतिगृहाच्या जागा गुणांवर भरतात आणि अर्जाची मुदत प्रवेशानंतर थोडेच दिवस असते. खोली शोधत आठ दिवस फिरणारा बाप हीच मुदत चुकवितो. प्रवेशाच्या दिवशीच वसतिगृहाचा अर्ज मागावा. अल्पसंख्याक विकास विभागानेही काही ठिकाणी मुलींसाठी वसतिगृहे बांधली आहेत, त्यांची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी.

वसतिगृह मिळाले नाही तरी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांची जी मुले व्यावसायिक शिक्षण घेतात, त्यांच्यासाठी ती आहे. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर होतो. रक्कम व अटी शासन निर्णयानुसार बदलत असतात, म्हणून कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात त्या वर्षीची माहिती घ्यावी. राहण्याचा पुरावा मागितला जातो, तेव्हा वर सांगितलेला कागद येथेही कामी येतो.

दुसरी समजूत जास्त धोक्याची आहे. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या शासकीय मुलींच्या वसतिगृहात आपल्या वऱ्हाडातल्या एका मुलीचा तिच्या खोलीत खून झाला. संशय ज्याच्यावर गेला तो बाहेरून आलेला नव्हता. तो त्याच वसतिगृहात वर्षानुवर्षे काम करणारा माणूस होता, आणि त्याच दिवशी त्याचा मृतदेह रेल्वेमार्गावर सापडला. सुट्ट्यांमुळे वसतिगृह जवळजवळ रिकामे होते. पाटीवर "शासकीय" लिहिले म्हणून बापाने प्रश्न विचारणे सोडू नये. सुट्टीत मजल्यावर किती मुली असतात? रात्री अधीक्षिका इमारतीतच राहते का? पुरुष कर्मचारी मजल्यावर केव्हा येतात? मुलीने एखाद्याबद्दल तक्रार केली तर ती कोणाकडे जाते? हे प्रश्न विचारायला लाजू नये. चांगली अधीक्षिका त्यांची उत्तरे आनंदाने देते.

"जितके कडक कुलूप, तितकी मुलगी सुरक्षित"

मुलींच्या खासगी वसतिगृहाची जाहिरात होते ती कुलपावर. संध्याकाळी सातला फाटक बंद, खिडक्यांना जाळ्या, जिन्याला लोखंडी दार. बापाला बरे वाटते. पण आग लागली तर? सुरतला आपण सारेच माल घ्यायला जातो. तेथे २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या शिकवणी वर्गाला आग लागली आणि २२ विद्यार्थी गेले. खाली उतरायची वाट नव्हती, म्हणून मुलांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. दिल्लीत २७ जुलै २०२४ रोजी एका शिकवणी संस्थेच्या तळघरातील अभ्यासिकेत पावसाचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थी बुडाले. तळघरातली खोली किंवा अभ्यासिका कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

बाहेर पडायला दुसरा जिना आहे का, रात्री फाटकाची किल्ली कोणाजवळ असते, ती व्यक्ती आत झोपते की बाहेर, हे आधी पाहावे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील आग विझविण्याची साधने चालू असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये घ्यावे लागते. मोठ्या वसतिगृहाला ते दाखवायला सांगावे. रॅगिंगचा त्रास झाला तर विद्यापीठ अनुदान आयोगाची मोफत मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ ही आहे. हा नंबर मुलाच्या आणि मुलीच्या, दोघांच्याही फोनमध्ये घालून द्यावा.

"आपल्याला कोणी खोली देत नाही"

हे अगदीच खोटे नाही. नाव ऐकल्यावर "खोली कालच गेली" असे सांगणारे मालक आहेत, आणि ते ऐकून मुलाचे तोंड उतरते. पण चार दारे बंद झाली म्हणून पाचवे वाजवायचे नाही, हा धंद्याचा नियम नाही. वरच्या वर्गातील मुलांना विचारावे, त्यांच्या खोल्या मे-जूनमध्ये रिकाम्या होतात. बरोबर कॉलेजच्या एखाद्या शिक्षकाला घेऊन जावे. मेसमधल्या गोश्ताबाबत शंका असेल तर शाकाहारी डबा लावावा. त्यापायी चांगले कॉलेज सोडू नये.

ज्यांच्याजवळ जागा आहे त्यांनी हाही विचार करावा की दार उघडणारा कोणी तरी असावा लागतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढून मुस्लिम मुलांसाठी वसतिगृह उभे केले, तेव्हा त्या मुलांना तालमीची वाट मिळाली. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढले आणि ते सर्व जातींच्या मुलांना खुले ठेवले. ही वसतिगृहे आधी उघडली, म्हणून खेड्यापाड्यांतली मुले पुढे शिकू शकली.

अमरावती-अकोल्यात दुकानावर मजला असलेल्या आपल्या व्यापारी बंधूंनी दोन-तीन खोल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवाव्यात, कोणत्याही धर्माचे असोत. हा तोट्याचा धंदा नाही. जी. एस. टी.ची भीतीही कमी झाली आहे. १५ जुलै २०२४ पासून दरमाणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या निवासाला, सलग निदान ९० दिवस राहणाऱ्यांसाठी, करमाफी आहे. आपल्या भागातल्या खोल्यांचे भाडे या मर्यादेच्या कितीतरी खाली असते. घरातील बायकांनी डबे सुरू केले तर दुसरी कमाई होते आणि दूरच्या मुलांना घरचे जेवण मिळते.

जाताना एवढे लक्षात ठेवावे

खोली दिवसा एकदा आणि रात्री एकदा पाहावी. तेथे आधीपासून राहणाऱ्या मुलाशी मालक जवळ नसताना बोलावे. पडता काढल्याशिवाय भाडे ठरवू नये. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि ज्याला किंवा जिला तेथे राहायचे आहे, त्या मुलाला किंवा मुलीला बरोबर न्यावे. तिला ती जागा का आवडली नाही हे तिने सांगितले तर ऐकावे. आपण कापड गिऱ्हाइकाच्या अंगावर धरून दाखवितो, मग खोली दाखविताना तिला घरी का ठेवावे?

मुलीच्या शिक्षणापुढे जागेची अडचण उभी राहिली तर जागा बदलावी, शहर बदलावे, दोन-तीन घरच्या मुलींना एकत्र ठेवावे, एखाद्या बुजुर्ग बाईला त्यांच्याबरोबर राहायला पाठवावे. व्यापारात माल एका पेढीवर मिळाला नाही तर आपण दुसऱ्या पेढीवर जातो, दुकान बंद करीत नाही.